हजेरी कुणाची घ्यायची?

“ह्या लोकांचं रक्तच तसलं.” हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. एसटीत ऐकलंय, कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकलंय, भाड्याची खोली बघायला गेल्यावर अर्ध्या उघड्या दारातून ऐकलंय. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात हेच वाक्य दगड होऊन आलं. स्टेटस मोजक्या मोबाइलवर होतं. दगड मात्र ज्यांचा त्या स्टेटसशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्या दुकानांवर पडले. वर्षभराने, १४ जुलै २०२४ला, वाद विशाळगडावरच्या अतिक्रमणाचा होता आणि मार बसला तो गडाखालच्या गजापुरातल्या घरांना आणि मशिदीला.

या वागण्यामागे एक समजूत आहे. गुन्हा माणूस करत नाही, त्याची जमात करते. दीडशे वर्षांपूर्वी ही समजूत शास्त्र म्हणून मिरवत होती. शास्त्राने ती केव्हाच टाकली, चौकाने टाकलेली नाही. आणि मित्रांनो, आपल्या मोहल्ल्यानेही टाकलेली नाही. आज भांडायचं आहे ते या दोघांशी.

इतिहास थोडक्यात बघू. १७६४ साली बेकारिया या इटालियन विचारवंताने मांडलं की माणूस फायदा-तोट्याचा हिशेब करून गुन्हा करतो, म्हणून शिक्षा मोजून-मापून आणि कायद्याने ठरलेली असावी. निदान त्याने गुन्हेगाराला माणूस तरी मानलं होतं. शंभर वर्षांनी त्याच देशातल्या लोम्ब्रोझो नावाच्या डॉक्टरने कैद्यांच्या कवट्या मोजायला घेतल्या. १८७६च्या पुस्तकात त्याने जाहीर केलं की गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो, तो जबड्यावरून आणि कपाळावरून ओळखता येतो. ज्या कवटीवरून त्याला हा साक्षात्कार झाला, ती इटलीच्या दक्षिणेकडच्या एका गरीब माणसाची होती. उत्तरेकडचे लोक दक्षिणेकडच्यांना आधीपासूनच रानटी समजत होते. पूर्वग्रह जुना होता, डॉक्टरने त्याला फक्त मोजपट्टी लावली.

१९१३ साली इंग्लंडमध्ये गोरिंग याने सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेऊन ती सामान्य माणसांशी ताडून पाहिली. ‘गुन्हेगारी चेहरा’ नावाची वस्तू काही सापडली नाही.

आपल्याकडे इंग्रजांना कवटीची गरजच पडली नाही, जात पुरली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येईल असा केला गेला. पारधी, कैकाडी, कंजारभाट यांच्या पोटी जन्मलेलं मूल रांगायला लागण्याआधीच संशयित ठरू लागलं. सोलापुरात या लोकांना कुंपणाआड ठेवलं, ती वस्ती आजही ‘सेटलमेंट’ या नावानेच ओळखली जाते. देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला. हे लोक देशभरात सुटले ३१ ऑगस्ट १९५२ला, म्हणजे पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी.

आता एक प्रश्न. मुंबई इलाख्यात ज्यांना गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यात मुसलमान होते का?

होते. छप्परबंद. नावावरून छपरं शाकारणारे. १९०८ साली केनेडी नावाच्या पोलिस अधिकाऱ्याने इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर पुस्तक लिहिलं, त्यात ही अख्खी जमात खोटी नाणी पाडणारी म्हणून रंगवली आहे. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? ३१ ऑगस्टचा विमुक्त दिन आपल्या किती संघटना पाळतात? उलट लग्नाची बोलणी सुरू झाली की ‘कोणती बिरादरी?’ हा प्रश्न पहिला येतो, आणि काही उत्तरांवर बोलणी तिथेच थांबतात. गजापूरसाठी आपण रडलो ते योग्यच होतं. पण पारध्यांची पालं जाळली जातात तेव्हा आपल्यातलाही कुणी ना कुणी म्हणतो, “ते लोक असलेच असतात.” रक्ताचा सिद्धांत आपल्यावर चालवला की अन्याय आणि आपण दुसऱ्यावर चालवला की अनुभव, असं कसं चालेल?

कोल्हापूरने याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. शाहू महाराजांच्या काळात महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज हजेरी द्यावी लागे. ज्याला रोज हजेरीला उभं राहायचंय त्याने परगावी मजुरीला जायचं कसं? काम नाही म्हणून भूक, भूक म्हणून चोरी, आणि चोरी झाली की “बघा, म्हणत नव्हतो?” असा तो रहाट होता. १९१८ साली महाराजांनी हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी काम दिलं आणि चक्क पहाऱ्यावर नेमलं. ज्यांना जग चोर म्हणत होतं त्यांच्या हाती त्यांनी राखण दिली.

याच राजाने १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि मुस्लिम बोर्डिंग काढलं. मुसलमान मुलगा शिकत नाही तो त्याच्या रक्तामुळे, असं ते म्हणाले नाहीत. त्याला राहायला खोली आणि जेवायला ताट दिलं. ही दोन्ही कामं एकाच समजुतीतून आली होती.

पुढे जगातल्या अभ्यासकांनी हेच सिद्ध केलं. शिकागो शहरात शॉ आणि मॅके यांनी अनेक वर्षांच्या बालगुन्ह्यांचे नकाशे मांडले आणि १९४२ साली पुस्तक काढलं. काही वस्त्यांत आधी जर्मन-आयरिश राहत होते, मग पोलिश-इटालियन आले, मग काळे लोक. वस्तीत माणसं बदलली, वंश बदलला, तरी गुन्ह्यांचं प्रमाण त्या वस्तीत चढंच राहिलं. आणि जे लोक तिथून बाहेर पडून बऱ्या भागात गेले, त्यांच्या मुलांतलं प्रमाण उतरलं. मग खोट रक्तात होती की वस्तीत?

१९६३ साली बेकर याने शिक्क्याची गोष्ट सांगितली. एकदा ‘गुन्हेगार’ म्हटलं की नोकरी जाते, दोस्त तुटतात आणि शेवटी ज्यांच्यावर तोच शिक्का आहे तेच जवळ करतात. आज भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यांच्यात मुस्लिम, दलित, आदिवासी यांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे. ज्याला जामिनाचे पैसे नाहीत तो आत राहतो, आणि निर्दोष सुटला तरी मोहल्ल्यात ‘आत जाऊन आलेला’ म्हणूनच परततो. तिथून पुढे त्याला कामावर कोण ठेवत नाही? आपलाच गॅरेजवाला, आपलाच मटणवाला.

आता मोठ्यांकडे वळू. १९३९ साली सदरलँड याने अमेरिकी समाजशास्त्रज्ञांना भर सभेत विचारलं की तुम्ही गरिबांचेच गुन्हे का मोजता? सुटाबुटातल्या चोरांचं काय? हा प्रश्न आपल्याला झोंबला पाहिजे. सच्चर समितीने २००६ साली हिशेब मांडला. देशातल्या वक्फ मालमत्तांतून वर्षाला १२,००० कोटी रुपये मिळू शकतात, प्रत्यक्षात मिळत होते सुमारे १६३ कोटी. मधले पैसे कुठल्या पाकीटमाराने नेले नाहीत. त्यात सरकारी कब्जे आहेत आणि कवडीमोल भाड्याने जागा धरून बसलेली आपली प्रतिष्ठित मंडळीही आहेत. ही मंडळी पहिल्या सफेत नमाज पढतात. त्यांची हजेरी कोण घेतो?

कारण शोधणं म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणं नव्हे. नशेच्या गोळ्या विकणारा पोरगा दोषी आहे, बायकोला मारणारा दोषी आहे. “आपली पोरं तशी नाहीत” हेही रक्ताचंच बोलणं, फक्त उलट्या बाजूने. ज्याने केलं त्याने भोगावं, आणि ज्यांनी त्याला तिथवर ढकललं त्यांनीही जाब द्यावा. हा विचार कुणी बाहेरून आपल्याला शिकवायला नको. हजरत उमर यांची गोष्ट इमाम मालिक यांच्या मुवत्तात नोंदलेली आहे. गुलामांनी उंटीण चोरून कापून खाल्ली. शिक्षा ठरत आली होती, पण मालक त्यांना उपाशी ठेवतो हे हजरत उमर यांच्या ध्यानात आलं. उंटीण ४०० दिरहमची होती, दंड ८०० दिरहमचा झाला, आणि तो मालकाने भरला. आपले वाइज ही गोष्ट मिंबरवरून किती वेळा सांगतात?

तेव्हा तीन कामं. मोहल्ल्यातल्या कच्च्या कैद्यांची यादी करा आणि जामिनासाठी वकील गाठा, जकातीतला वाटा तिकडे वळवा. आत जाऊन आलेल्या एका तरी पोराला आपल्या ओळखीच्या दुकानात काम मिळवून द्या. आणि येत्या ३१ ऑगस्टला पारधी, छप्परबंद, कंजारभाट पोरांच्या शेजारी जाऊन बसा. पुन्हा कुणी “ह्या लोकांचं रक्तच तसलं” म्हणालं, तर तो कुणाबद्दल बोलतोय हे न बघता त्याला तिथेच अडवा.