घोट्याचा कोन

गुडघा बदलला, खुबा बदलला, हे शब्द आता आपल्या घरांत नवे नाहीत. शेजारच्या दादीजान नव्या गुडघ्यावर हजला जाऊन येतात आणि आपण त्यांना मुबारकबाद देतो. पण डॉक्टरांनी 'घोटा बदलावा लागेल' म्हटलं की घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. म्हणून या महिन्यात घोट्याविषयी, आणि खास करून त्याच्या एक्स-रेवर डॉक्टर ज्या रेघा मारतात त्यांच्याविषयी लिहिते आहे.

गुडघा बहुतेक वेळा वयाने झिजतो. घोट्याचं तसं नाही. घोटा खराब होण्यामागे बहुधा जुनी दुखापत असते: मोडलेलं हाड, पुन्हा पुन्हा मुरगळलेला पाय. स्वारगेटच्या जेधे चौकात संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा. धावती बस पकडणारे, दुभाजकावरून उडी मारणारे, दुचाकीवरून घसरणारे रोज दिसतील. तेव्हा पाय सुजतो, हळदीचा लेप लागतो, माणूस कामाला लागतो. त्याचा हिशेब पंधरा-वीस वर्षांनी समोर येतो.

हा सांधा लहान, पण साऱ्या शरीराचा भार त्याच्यावर. वरून नडगीचं हाड येतं, बाहेरच्या बाजूने तिच्याशेजारचं बारीक हाड, आणि या दोघांच्या खोबणीत घोट्याचं हाड बसतं. या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नसतो. ते केवळ आपल्या आकारामुळे आणि अस्थिबंधांमुळे जागेवर राहतं. १९७६ साली रॅम्से आणि हॅमिल्टन या दोन संशोधकांनी मृतदेहांच्या पायांवर मोजून दाखवलं की हे हाड बाहेरच्या बाजूला फक्त एक मिलीमीटर सरकलं, तरी दोन हाडं एकमेकांना टेकण्याची जागा ४२ टक्क्यांनी कमी होते. एक मिलीमीटर म्हणजे मुलांच्या पट्टीवरची सगळ्यात लहान रेघ. तेवढ्याने सगळा भार उरलेल्या थोड्या जागेवर येतो आणि कूर्चा झिजू लागते.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचा घोटा असाच जुन्या मोडीचा. जिना उतरताना कळ यायची, म्हणून एका ठिकाणी एक्स-रे काढला, तोही पलंगावर आडवं झोपवून. 'सांध्यात जागा आहे, गोळ्या घ्या,' असं सांगण्यात आलं. काही महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना दोन्ही पायांवर उभं करून एक्स-रे घेतला. त्यात एका बाजूची जागा पार मिटलेली होती आणि घोट्याचं हाड तिरकं झालेलं होतं. पाय तोच, पण भार पडल्याशिवाय त्याने आपलं दुखणं दाखवलं नव्हतं.

आता रेघांकडे येऊ. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक आठवा. समोरून काढलेल्या चित्रात डॉक्टर नडगीच्या मधोमध एक उभी रेघ मारतात आणि सांध्याच्या पृष्ठभागावरून एक आडवी. दोन्हींमधला कोन साधारण ९० अंशांचा हवा. आमच्या उर्दू वर्गात त्याला जाविया-ए-कायमा म्हणतात, मराठीत काटकोन. नवा सांधा बसवल्यावरही हाच कोन पुन्हा मोजतात. चार-पाच अंशांचा फरक सहसा चालवून घेतला जातो. बाजूने काढलेल्या चित्रात आणखी दोन गोष्टी पाहतात: धातूचा वरचा तुकडा पुढे-मागे किती कलला आहे, आणि नडगीची मधली रेघ खाली आणली तर ती घोट्याच्या तुकड्याच्या मध्यावर येते की नाही. तो तुकडा पुढे सरकलेला असेल तर मधल्या प्लास्टिकच्या चकतीवर भार एका कडेला पडतो. रिक्षाचं चाक वाकडं असलं की टायर एकाच बाजूने झिजतो, तसंच हे.

पण एक्स-रे म्हणजे शेवटी सावली आहे. हात थोडा फिरवला की भिंतीवरची सावली बदलते, तसा पाय थोडा फिरला की कोनही बदललेला दिसतो. म्हणून समोरून चित्र घेताना पाय १५ ते २० अंश आत वळवून ठेवतात. तेव्हा खोबण नीट दिसते. चित्रात नडगीचा बराचसा भाग यावा लागतो, नाहीतर मधली रेघच चुकते. गुडघ्यापासून पाय वाकलेला असेल तर खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे लागतो. वरचा वाक तसाच ठेवून खाली नवा सांधा बसवणं म्हणजे कललेल्या भिंतीत सरळ चौकट बसवणं.

घोटा बदलण्याचा इतिहास फार जुना नाही. १९७० च्या सुमारास फ्रान्समध्ये पहिले प्रयोग झाले आणि बरेचसे फसले. पुढे डेन्मार्कचे हाकोन कोफोड यांनी बनवलेला, दोन धातूंच्या तुकड्यांमध्ये सरकती चकती असलेला सांधा टिकला. अमेरिकेने त्याला २००९ साली मान्यता दिली. दुसरा मार्ग म्हणजे हाडं एकमेकांना जोडून सांधा कायमचा बंद करणं. ब्रिटनमध्ये ३०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना आराम पडला आणि वर्षभरानंतर दोहोंत ठळक फरक आढळला नाही. म्हणजे 'नवं तेच चांगलं' असं इथे म्हणता येत नाही. ज्यांच्या पायाची जाणीव मधुमेहाने गेली आहे, त्यांचा सांधा बदलणं तर सहसा टाळतात.

आपल्याकडे प्रश्न बसण्याचाही आहे. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी मांडी घालून बसणाऱ्या भारतीयांचा विचार करून 'इंडस' हा कृत्रिम गुडघा बनवला. घोट्याच्या बाबतीत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. ऑपरेशनआधी घोटा जेवढा हलत होता, त्याहून फार जास्त तो नंतर हलत नाही. नमाजच्या कायद्यात डावा पाय अंथरून आणि उजवा उभा ठेवून बसणाऱ्याने हे डॉक्टरांना आधीच दाखवावं, तोंडी सांगून भागत नाही. जमलं नाही तर खुर्चीवर बसून नमाज पढण्याची सवलत आजाऱ्याला आहे; त्यासाठी पाय पणाला लावू नये.

म्हणून भगिनींनो, घरात कुणाचा घोटा वर्षानुवर्षं दुखत असेल तर एवढं करा. उभं राहून एक्स-रे काढला का, हे विचारा. जुने एक्स-रे, मोडलं होतं तेव्हाचे सुद्धा, फेकू नका. ऑपरेशन झालं तर पहिला एक्स-रे जपून ठेवा आणि पुढचा प्रत्येक त्याच पद्धतीने काढून घ्या. कोन हळूहळू बदलू लागला तर सांधा सैल होत असल्याची ती खूण असू शकते, आणि ती पायाच्या दुखण्याआधीही चित्रात दिसू शकते. डॉक्टरांना तो कोन किती अंश आहे हे विचारायला लाजू नका. सहावीतल्या मुलाला समजतं ते आपल्यालाही समजतं.