इंद्रशत्रू आणि मॅक्रोचा कंस

साहित्याच्या अध्यापकांनी सी या संगणकभाषेविषयी लिहावे, हा काहींना अनधिकार वाटेल. परंतु पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात शिकवताना हा विषय टाळता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके लागू झाली, दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि इंधन केव्हा, किती सोडायचे हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवू लागला. त्याची आज्ञावली बहुधा सीमध्ये असते. ती एक संहिताच आहे. आणि संहितेचा अर्थ कोणत्या क्षणी ठरतो, हा प्रश्न आमच्याच अभ्यासक्रमातला आहे.

लहानशी कृती पुनःपुन्हा लिहायची नसेल, तर सीमध्ये दोन मार्ग आहेत. मॅक्रो म्हणजे व्याकरणातल्या अर्थाने निव्वळ आदेश: एकाच्या स्थानी दुसरा मजकूर. कंपायलर अर्थ लावू लागण्यापूर्वीच ही अदलाबदल उरकते. इनलाइन फंक्शन, जे सीच्या १९९९च्या मानकात आले, आधी दिलेल्या पदाची किंमत काढते, त्याचा प्रकार तपासते, मग पुढे जाते. वर्ग म्हणजे 'क्ष × क्ष' असा मॅक्रो लिहून त्याला '२ + ३' दिले, तर '२ + ३ × २ + ३' असा मजकूर तयार होतो आणि उत्तर येते ११. फंक्शन २५ सांगते. कंस राहिला आणि विग्रह बदलला. पतंजलीच्या महाभाष्याच्या आरंभी येणारी वृत्राची कथा येथे आठवते. 'इंद्रशत्रू' या समासातला स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि इंद्राला मारणारा जन्मण्याऐवजी इंद्राच्या हातून मरणारा जन्मला.

वाहनउद्योगासाठी ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रथम निघालेल्या मिस्रा सी नियमावलीची २०१२ची आवृत्ती म्हणूनच सांगते की, दोहोंपैकी काहीही चालत असेल तेथे फंक्शनच वापरावे. हे आम्हांला मान्य आहे. मॅक्रो सरसकट हद्दपार करावेत, हा त्यापुढचा आग्रह मात्र मान्य नाही.

कारण संकलनकालीन प्रतिज्ञा. (प्रतिज्ञा हा शब्द आम्ही न्यायशास्त्रातल्या अर्थाने घेतो, शपथ म्हणून नव्हे.) वाहनातील नियंत्रक एकमेकांना कॅन या पद्धतीने संदेश पाठवतात, तिच्या मूळ रूपात एका संदेशात फार तर ८ बाइट मावतात. आता १, ४ आणि १ बाइटांची तीन पदे याच क्रमाने मांडली, तर नेहमीचा बत्तीस-बिटी कंपायलर मध्ये व शेवटी रिकाम्या जागा सोडून एकूण १२ बाइट करतो. तीच पदे ४, १, १ अशी मांडली की ८. पदक्रमाने आशय नव्हे, आकार बदलतो! 'हा आकार ८च आहे' ही प्रतिज्ञा गाडी रस्त्यावर असताना खोटी ठरून काय उपयोग? ती संकलनाच्या वेळीच तपासली गेली पाहिजे.

नेमके येथे इनलाइन फंक्शन थिटे पडते. त्याच्या आत, हाती आलेल्या पदावर अशी प्रतिज्ञा करता येत नाही. बोलावणाऱ्याने साक्षात ८ हा अंक दिला तरी भाषेच्या नियमाने ते पद आत चलच राहते. हुशार कंपायलर पुष्कळदा ओळखतो, पण ती त्याची कृपा, भाषेचे वचन नव्हे. मॅक्रो मात्र मजकूरच असल्याने तो अंक जसाच्या तसा जागेवर ठेवतो. ज्या जडत्वामुळे ११ आले, तेच येथे कामी येते.

पूर्वी यासाठी एक विलक्षण युक्ती होती: प्रतिज्ञा खोटी असेल तर ऋण लांबीची सारणी मागायची, म्हणजे कंपायलर अडून बसतो. त्याची तक्रार मात्र सारणीविषयी असे, वाचणाऱ्याला मूळ चूक कळत नसे. २०११च्या मानकाने खुद्द प्रतिज्ञेचीच सोय दिली आणि तिच्यासोबत लेखकाचे एक वाक्य जोडण्याची जागाही. २०२३च्या मानकात हे वाक्य ऐच्छिक झाले आहे. आमच्या मते ते लिहावेच, आणि ते मराठीत लिहायला काय हरकत आहे? 'संदेशाचा आकार ८ बाइट हवा, पदांचा क्रम पाहा' एवढेच तर लिहायचे असते.