बोलण्याची परीक्षा कागदावर?

गेल्या परीक्षेत ‘ग्राहक व बँकेतील कारकून यांचा संवाद लिहा’ हा इंग्रजीचा प्रश्न मी बिनचूक सोडविला. गुणही चांगले पडले. पुढे दिवाळीच्या सुटीत शहरातील एका कचेरीत तात्पुरत्या कामाच्या मुलाखतीला गेले. “स्वतःविषयी सांगा,” एवढेच इंग्रजीत विचारले गेले आणि माझी दातखीळ बसली. बाहेर बाकावर वडील बसले होते. ते गवंडीकाम करतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. “काय म्हणाले गं?” या त्यांच्या प्रश्नाला मला मराठीतही उत्तर देता आले नाही.

दोष माझा आहेच. पण अभ्यासक्रमाचा मुळीच नाही काय? पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, हे गावातले पोरही जाणते. मग ‘संभाषणकौशल्य’ फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेतच का उतरते?

वास्तविक यावर आपल्याच देशात विचार झालेला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत ‘बंगलोर प्रकल्प’ चालविला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना वेळापत्रक वाचणे, नकाशावरून वाट शोधणे अशी कामे दिली. मन कामात गुंतले की भाषा आपोआप अंगवळणी पडते, ही त्यामागची दृष्टी. ती महाविद्यालयांनी का घेऊ नये?

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, संभाषणाच्या तासाला मोठ्या वर्गाचे चार-चार जणांचे गट करून प्रत्येकाला रोज बोलावयास लावावे. विषय मुलाखतीचा, दवाखान्याचा, बाजाराचा असावा. दुसरी, बोलण्यापूर्वी मराठीत विचार करण्यास पाच मिनिटे द्यावीत आणि बोलणाऱ्यास मध्येच टोकू नये. चुका नंतर सांगाव्यात. तिसरी, गुण तोंडी परीक्षेला द्यावेत. कारण ज्याला गुण नाहीत ते आपण शिकत नाही, हे मित्रहो, आपण प्रामाणिकपणे कबूल करू या.

तोंडी परीक्षेला वेळ व माणसे फार लागतील, हे खरे. परंतु ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्यांचे या तासावाचून अडत नाही. आमच्या घरी ती सोय नाही. चुकत चुकत बोलण्यासाठी आम्हांला वर्गाखेरीज दुसरी जागा कोठे आहे? साहेबी उच्चार आम्हांला नकोत. विचारलेल्या प्रश्नाला मान वर करून चार वाक्ये बोलता आली, तरी पुरे.