हलाल कमाई आणि चिमणीचा धूर

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग थांबतात. जुम्याची नमाज होते, शहराच्या कानांना जरा उसंत मिळते. मग पुन्हा तोच खडखडाट. 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे माग रुजवले. आज शहरातल्या बहुतेक चुली या मागांवरच पेटतात.

पण विणण्याआधी सुताला खळ लावावी लागते. सायझिंगमध्ये ते ओले सूत वाफेच्या उष्णतेवर सुकवतात आणि वाफेसाठी बॉयलर पेटतो. लाकूड, कोळसा महाग पडतो, म्हणून काही भट्ट्यांत प्लास्टिकचा कचरा टाकला जातो. प्लास्टिक असे अर्धवट जळले की, विशेषतः पीव्हीसीतून, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. हा धूर सर्वांत आधी शिरतो तो शेजारच्या मजुराच्या खोलीत.

हलाल-हरामची चर्चा आपण ताटापुरती ठेवली आहे. मांस हलाल हवे, व्याज नको, एवढ्यावर आपण समाधानी. मात्र जमीन, पाणी, हवा ही अल्लाहची अमानत आहे, जमिनीवर फसाद माजवू नये, हेही कुरआनच शिकवते. शेजाऱ्याच्या लेकराच्या छातीत विष भरून आलेला नफा कितपत हलाल, हा प्रश्न आपण का विचारत नाही?

यावर कुणी म्हणेल, कारखानेच बंद करा. हे मला मान्य नाही. माग थांबला की विणकराची मजुरीही थांबते. छोटा मालकही सुताचे भाव, कापडाची मंदी आणि वीजबिल यांत पिचलेला आहे. त्याला एकट्याला स्वच्छ इंधन परवडणार नाही. मग चार-पाच सायझिंगवाल्यांनी मिळून एक चांगला बॉयलर आणि धूर गाळणारी यंत्रणा का बसवू नये? यंत्रमागाला विजेत सवलत देणाऱ्या सरकारने या कामालाही हात द्यावा.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे ठरवली. त्यातले नववे उद्योगाविषयी आहे. मुले ते पाठ करून गुण मिळवतात आणि घरी जाताना त्याच धुरातून चालतात. विकास म्हणजे उद्योग नको असे नव्हे. आजची रोटी कमावताना उद्याचा श्वास गहाण पडू नये, एवढेच. जुम्याच्या खुत्ब्यात यावर दोन शब्द बोलले गेले, तरी सुरुवात होईल.