‘कामास योग्य’ म्हणजे कोणत्या कामास?

पक्षाघाताचा रुग्ण चालू लागला, आपल्या हाताने जेवू लागला, की घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, कामावर कधी जाता येईल?’ आणि बहुतेक वेळा हाती पडतो तो एका ओळीचा दाखला, ‘कामास योग्य’. कोणत्या कामास, किती तास, याचा त्यात उल्लेख नसतो.

रुग्णालयात सुधारणा मोजण्यासाठी बार्थेल निर्देशांक वापरतात. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, जिना चढणे अशा १० बाबी आणि १०० गुण. घरात स्वतःचे स्वतः करता येते का, एवढेच हे माप सांगते. शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्याला नोकरी झेपेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

एसटीच्या वाहकाचे उदाहरण घ्या. झटका मेंदूच्या उजव्या भागात आला असेल तर हातपाय पूर्ववत होऊनही डावीकडच्या गोष्टींकडे लक्षच जात नाही, असे घडू शकते. डोळे चांगले असतात, त्यामुळे चष्म्याच्या तपासणीत हे सापडत नाही. शांत खोलीत हिशेब बरोबर करणारा हा माणूस हलत्या गाडीत, गर्दीत, एका हाताने दांडा धरून तिकीट आणि सुटे पैसे देताना गोंधळतो. दुपारनंतर थकवा गाठतो. वरून काही दिसत नाही, म्हणून सहकारी म्हणतात, ‘सोंग करतोय.’

म्हणून तपासणीची सुरुवात कामाच्या वर्णनाने व्हावी. दिवसभर काय करता, सलग किती वेळ, चूक झाली तर इजा कोणाला? ‘वर्क लिमिटेशन्स क्वेश्चनेअर’ नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली आहे. वेळ पाळणे, शारीरिक मेहनत, बौद्धिक काम व माणसांशी व्यवहार, आणि कामाचा उरक या चार अंगांनी ती मागच्या २ आठवड्यांची चौकशी करते. म्हणजे ती रुजू झाल्यावरच भरता येते. आपल्याकडे दाखला दिला की फाइल बंद! ओपीडीतली गर्दी खरी आहे. पण ‘महिनाभर अर्धा दिवस काम, रात्रपाळी नको, नंतर पुन्हा तपासणी’ एवढे लिहायला दोन मिनिटे पुरतात.

अनेक रुग्ण नोकरी जाईल या भीतीने ‘पूर्ण फिट लिहा’ असा आग्रह धरतात. सरकारी नोकरीत तरी ही भीती अनाठायी आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. मात्र काय जमत नाही, हे आधी कागदावर यायला हवे.

रिक्षावाल्याला असे संरक्षण नाही. त्याला दाखला मागणारा साहेबही नसतो; हप्ता थकला की तो रिक्षा बाहेर काढतो. दोन्ही डोळ्यांची एका बाजूची नजर गेली आहे, तूर्त रिक्षा चालवायची नाही, हे त्याला घरी सोडतानाच आणि घरच्यांच्या समोर सांगायला हवे.