डावे दार उचलून लावा

माणसाला एखादे तरी व्यसन असावे, असे आमचे एक वृद्ध शेजारी म्हणत. तंबाखू मला सोसली नाही आणि रमीत मी नेहमी हरतो. तेव्हा मी जुने लाकडी सामान विकत घेण्याचे व्यसन लावून घेतले. पुण्यातला एखादा वाडा पडणार अशी कुणकुण लागली, की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. पाडकाम सुरू होण्याआधी तिथल्या चौकात एक लहानसा बाजारच भरतो. फ्लॅटच्या जिन्यातून वर न जाणारे पलंग, कड्यांसकट उतरवलेले झोपाळे, कुणालाच नको असलेले पाट आणि चौरंग सारे बाहेर येऊन बसते. वऱ्हाड निघून गेल्यावर मांडवात मागे राहिलेल्या पाहुण्यांसारखे!

बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातही हे सुख मिळते. मुंबईच्या चोरबाजारातही मिळते. पण तिथे वस्तू दोन-तीन हातांतून आलेली असते. दुकानदाराने नवे पॉलिश चढवून तिचे वय झाकलेले असते किंवा चार ओरखडे काढून ते वाढवलेले असते. वाड्यातली वस्तू अशी नटत नाही. आहे तशी समोर उभी राहते.

ती पाहावी कशी, हे मी टक्केटोणपे खाऊन शिकलो. पुढून पाहून भुलू नये. खण ओढून काढावा, उलटा करावा, पाठीमागून पाहावा. यंत्रावर कापलेले सांधे अगदी एकसारखे असतात. हातकरवतीच्या सांध्यात प्रत्येक दाता शेजाऱ्याहून थोडा निराळा असतो. स्क्रूच्या डोक्यावर फुली दिसली, तर ‘शंभर-सव्वाशे वर्षांची वस्तू आहे, साहेब’ हे ऐकून नुसते हसावे. फुलीचे स्क्रू प्रचारात आले १९३० नंतर. निदान तेवढा स्क्रू तरी तरुण असतो. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने चढवलेले जुने पॉलिश ओळखायलाही हात बसावा लागतो. त्याच्यावर गरम चहाचा कप ठेवला, की पांढरे कडे उमटते. आमच्या एका मेजावर अशी तीन कडी आहेत आणि तिन्ही माझ्याच नावावर जमा आहेत.

एवढी विद्या गाठीशी बांधून गेल्या हिवाळ्यात मी नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेलो. ओसरीच्या कोपऱ्यात सागवानी कपाट उभे होते. पुरुषभर उंच, पितळी कड्यांचे. खण पाहिले, पाठ पाहिली, सांधे पाहिले. सगळे अस्सल! फक्त कमरेच्या थोडे वर, दोन्ही दारांवरून एक मळकट आडवी रेघ गेली होती आणि डावे दार जरा खाली आले होते. घरधन्याने बारा हजार सांगितले. मी रेघेवर बोट ठेवले.

“पाणी लागलंय याला. दारही उतरलंय.”

“तुम्ही जाणकार आहात, सर. दहा द्या.”

दोन हजार वाचवल्याच्या आनंदात मी नोटा मोजून दिल्या. तेवढ्यात ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्याच्या आई मला म्हणाल्या, “ती रेघ एकसष्ट सालची आहे हो.”

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसले, हे पुण्यात कुणाला ठाऊक नाही? पण आजी ते मला आपल्या घरातून सांगत होत्या. “लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. नेसत्या वस्त्रानिशी पर्वतीवर गेलो. परत आलो तर घरात नुसता गाळ. अंथरूण-पांघरूण, धान्य काही राहिलं नव्हतं. या कपाटाची दारं मात्र फुगून अशी बसलेली, की सुताराला पहार घालून उघडावी लागली. आत सासूबाईंची भांडी जशीच्या तशी! त्याच भांड्यांवर पुन्हा संसार मांडला. डावं दार तेव्हाच उतरलं. ते जरा उचलून लावावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.”

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. म्हणूनच मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या रेघेने हे घर तरले, त्या रेघेचे मी दोन हजार कापून घेतले होते! मी खिशात हात घालून तेवढे पैसे पुढे केले. आजींनी मान हलवली. “व्यवहार मुलाशी झालाय ना तुमचा? ठरलं ते ठरलं. दार तेवढं सांभाळा.”

हमालांनी कपाट उचलले, तेव्हा त्या उठून आत गेल्या.

तेव्हापासून वाड्याच्या चौकात पाऊल टाकताना मी जरा चपापतो. जाणे थांबले आहे असे नाही. व्यसन ते व्यसन! पण आपल्या हौसेचा दिवस हा दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा शेवटचा दिवस असतो, हे आता विसरता येत नाही. खण उलटा करण्यापूर्वी मी विचारतो, “हे घरात कुठं असायचं?” मग भाव करायला तोंड फारसे उघडत नाही. माझी विद्या त्यामुळे तोट्यात गेली आहे.

कपाट घरी आले, तेव्हा सौभाग्यवतींनी “आता आम्ही राहायचं कुठं?” एवढेच विचारले. मिस्त्री म्हणाला, “दोन बिजागऱ्या बदलल्या की दार सरळ, सर. रेघ रंध्यानं काढून टाकू.” मी दोन्हींना नकार दिला. त्याने बहुधा मला वेड्यात काढले असावे.

आता त्या कपाटात फराळाचे डबे असतात. डावे दार न उचलता ओढले, की ते असे करकरते की लाडूचोर जागच्या जागी सापडतो. परवा चिरंजीव असेच सापडले. स्वयंपाकघरातून हाक आली. मला वाटले, आता लाडवावरून बोलणी बसणार.

“अरे, किती वेळा सांगायचं? आजींचं कपाट आहे ते. दार उचलून लाव!”