शंभरातील नव्वद कोणाचे?

कॅसिनोचा सारा व्यवहार पडद्याआड चालतो, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्यापुरता तरी तो खरा नाही. तेथील गेमिंग कंट्रोल बोर्ड दर महिन्याला एक तक्ता प्रसिद्ध करते. लास वेगासचा स्ट्रिप विभाग, जुने शहर, बोल्डर स्ट्रिप, रेनो अशा प्रत्येक विभागातील स्लॉट मशीनने लोकांनी लावलेल्या रकमेपैकी किती टक्के स्वतःकडे ठेवले, हे त्यात नाण्याच्या किमतीनुसार दिलेले असते. हा तक्ता मनोरंजक आहे आणि तितकाच निर्दय आहे.

अलीकडच्या वर्षांतील आकडे पाहता रेनोमधील यंत्रे सरासरीने शंभरातील सुमारे ९४ ते ९५ परत करतात. स्ट्रिपवर एक डॉलरच्या यंत्रांचा परतावा ९२-९३ च्या आसपास असतो. तेथीलच एक सेंटच्या, म्हणजे पेनी यंत्रांचा ८८-८९ पर्यंत घसरतो. बोल्डर स्ट्रिपवर स्थानिक रहिवासी खेळतात. ते आठवड्याला पुन्हा येणारे गिऱ्हाईक, म्हणून तेथे हात थोडा सैल. स्ट्रिपवर येतो तो चार दिवसांचा प्रवासी. तो पुन्हा येवो न येवो, त्याच्याकडून अधिक कापून घेतले जाते. खेळ तोच, यंत्र बनवणारी कंपनीही तीच. एकाच खेळाच्या वेगवेगळ्या परताव्याच्या आवृत्त्यांना नियामकाची मंजुरी असते आणि त्यातील कोणती बसवायची, हे मालक ठरवतो. आणि स्वस्त म्हणून ज्या पेनी यंत्राकडे बेताच्या खिशाचा माणूस वळतो, तेच सर्वाधिक कापते. शिवाय अनेक ‘रेषां’वर एकदम पैसे लावायला लावून ते एका सेंटचा डाव पन्नास सेंटपर्यंत सहज नेते, ते वेगळेच.

कायद्याने ठरवलेली किमान मर्यादाही जागोजागी निराळी आहे. नेवाडात ती ७५ टक्के, न्यू जर्सीत ८३ टक्के, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये ८५ टक्के. ब्रिटनमध्ये यंत्रावर परताव्याचा आकडा लिहावा लागतो. कनेक्टिकटमधील फॉक्सवुड्स आणि मोहेगन सन या आदिवासी कॅसिनोंचे आकडे दरमहा जाहीर होतात.

प्रवासाच्या जाहिरातींतून आणि मित्रमंडळींच्या गप्पांतून अमुक शहर ‘अधिक देणारे’ आहे, असे ऐकू येते ते याच आकड्यांच्या आधारे. पण ९० टक्के परतावा म्हणजे हजार रुपये घेऊन गेलेला माणूस नऊशे घेऊन परततो, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. ही टक्केवारी खिशातील रकमेवर नसून प्रत्येक डावावर असते. एका डावाला दहा रुपये आणि मिनिटाला दहा डाव धरले, तर तासाभरात सहा हजार रुपये यंत्रातून फिरतात. त्यावर दहा टक्के म्हणजे सहाशे. हजार रुपये सरासरीने पावणेदोन तासांच्या आतच संपतात. परतावा ९५ टक्के असेल तर तासाला तीनशे जातील. म्हणजे तेच हजार रुपये दुप्पट वेळ पुरतील, एवढाच फरक. उदार प्रांत आणि कृपण प्रांत यांतील अंतर शेवटी काही तासांचे आहे. तुलनेसाठी सांगायचे, तर एका शून्याच्या युरोपीय रुलेटमध्ये घराचा वाटा २.७० टक्के आणि दोन शून्यांच्या अमेरिकन रुलेटमध्ये ५.२६ टक्के असतो. तेथे निदान चक्र डोळ्यांसमोर फिरते. स्लॉट मशीनची फिरणारी चित्रे मात्र केवळ देखावा असतात. १९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना मिळालेल्या पेटंटनंतर प्रत्यक्ष निकाल संगणकातील चिप ठरवू लागली आणि चित्रे तो दाखवू लागली.

या व्यवसायाचे पोषण कोण करतो, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०१० च्या अहवालात दिले आहे. यंत्रांवर खर्च होणाऱ्या रकमेपैकी सुमारे ४० टक्के रक्कम जुगाराच्या विळख्यात सापडलेल्या लोकांची असते, असा त्याचा अंदाज होता. त्याच देशाच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने पर्थमधील एका कॅसिनोखेरीज कोठेही ही यंत्रे येऊ दिली नाहीत. ब्रिटनने २०१९ मध्ये बेटिंग दुकानांतील यंत्रांवरील एका डावाची मर्यादा शंभर पौंडांवरून थेट दोन पौंडांवर आणली. परताव्याची टक्केवारी एखाद्या अंशाने वाढवत बसण्यापेक्षा हे उपाय अधिक परिणामकारक म्हटले पाहिजेत.

आपल्याकडे द्यूत अपरिचित नाही. ऋग्वेदात हरलेल्या जुगाऱ्याचे सूक्त आहे आणि कुरुसभेतील तो डाव तर सर्वश्रुत आहे. कौटिल्याने मात्र या विषयाकडे प्रशासकाच्या कोरड्या नजरेने पाहिले. द्यूत एकाच ठिकाणी, द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली खेळावे. फासे अध्यक्षानेच पुरवावेत. ते बदलणाऱ्यास बारा पण दंड. आणि जिंकलेल्या रकमेतून अध्यक्षाने पाच टक्के घ्यावेत, अशी अर्थशास्त्राची व्यवस्था आहे. फासे कोणाचे आणि घराचा वाटा किती, हे दोन्ही खेळणाऱ्यास आधी ठाऊक!

महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये केला, पण तो अमलात कधीच आणला नाही. महसुलाचे गाजर दाखवून तो लागू करण्याची मागणी अधूनमधून होत राहिली. अखेर २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, हे योग्यच झाले. गोव्याने त्याच १९७६ च्या आपल्या जुगारप्रतिबंधक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट करून दिली आणि पुढे जहाजांवरील टेबलांनाही. २०२० मध्ये गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मज्जाव झाला. म्हणजे जे आपल्या माणसांस घातक, ते पाहुण्यास चालते! आणि हा पाहुणा बहुधा मुंबई-पुण्याकडून शनिवार-रविवार गाठून आलेला असतो.

मांडवीतील जहाजे बंद व्हावीत, ही आमची भूमिका आहे. ती होईपर्यंत तरी पणजीच्या सरकारने नेवाडाप्रमाणे दरमहा प्रत्येक परवानाधारकाच्या यंत्रांचा परतावा प्रसिद्ध करावा आणि तोच आकडा मराठी, कोंकणी व हिंदीत यंत्राच्या दर्शनी भागावर लावण्याची सक्ती करावी. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. कर आकारण्यासाठी हिशेब घेतलाच जातो. त्याचे एक पान लोकांसमोर ठेवायचे आहे.